रहस्यकथांच्या मालिका ऑडिओबुकमध्ये ऐकायच्या, तर कोणत्या क्रमाने?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. उद्यमबागेतील कारखान्यात नोकरी असल्यामुळे खानापूर ते बेळगाव असे माझे रोज बसने येणे-जाणे असते. गर्दीत उभ्याने पुस्तक उघडणे शक्य नसल्याने अलीकडे मी रहस्यकथांच्या ऑडिओबुकांकडे वळलो आहे. घरी आईही ऐकते. डोळ्यांच्या तक्रारीमुळे तिला बारीक टाइप वाचवत नाही, परंतु रहस्यकथांची तिची गोडी तसूभरही कमी झालेली नाही. ती केवळ मराठीत ऐकते. मी मराठी व इंग्रजी दोन्ही ऐकतो.

माझी अडचण क्रमाची आहे. मी वापरतो त्या ॲपमध्ये एखाद्या गुप्तहेराचे नाव शोधले, की त्याची पुस्तके लोकप्रियतेनुसार समोर येतात. कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, याचा पत्ता लागत नाही. मध्यंतरी एका मालिकेतील कादंबरी ऐकताना नायकाने सहकाऱ्याशी बोलता बोलता मागच्या एका प्रकरणातील खुन्याचे नावच सांगून टाकले, आणि ती मागची कादंबरी मी पुढच्या आठवड्यासाठी उतरवून ठेवलेली होती. छापील पुस्तकात निदान आतल्या पानावर लेखकाच्या आधीच्या पुस्तकांची यादी असते. ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते, की अशा मालिका प्रकाशनाच्या क्रमाने ऐकाव्यात, की कथेतील काळाच्या क्रमाने? शेरलॉक होम्स, पॉयरो आणि ब्योमकेश बक्षी हे तिघे माझ्या यादीत आहेत. आईसाठी मराठीतील कोणत्या मालिका घ्याव्यात आणि त्यांना काही ठरलेला क्रम आहे का, हेही कळले तर फार उपकार होतील.

तवंदी घाट (निपाणी)

माझे मत स्पष्ट आहे. काही शंका असेल तेथे प्रकाशनाचा क्रम धरावा. लेखकाने वाचकाला कोणती गोष्ट केव्हा कळू द्यायची, हे ज्या क्रमाने ठरवले, तोच तो क्रम असतो. कथेतील काळ जुळवत बसण्याचा उद्योग मालिका एकदा संपवलेल्यांनी करावा, पहिल्यांदा ऐकणाऱ्याने करू नये.

होम्सचेच पाहा. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा प्रसिद्ध केल्या. त्यांतील घटनांच्या तारखा लावू पाहणाऱ्या अभ्यासकांचे आजवर एकमत झालेले नाही, कारण डॉक्टर वॉटसन हा मोठा विसराळू निवेदक आहे. युद्धात त्याला लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे आणि दुसरीत पायात. होम्सने विद्यार्थिदशेत सोडवलेले पहिले प्रकरण 'ग्लोरिया स्कॉट' या कथेत येते, पण ती कथा प्रसिद्ध झाली १८९३ मध्ये. कालक्रमाच्या हट्टापायी कोणी तिच्यापासून सुरुवात केली, तर ज्याची पहिली केस म्हणून ती ऐकायची, तो माणूसच अजून ओळखीचा झालेला नसतो.

मात्र ऐकणाऱ्यासाठी मी या नियमाला एक अपवाद करतो. पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' हिच्या निम्म्यावर खुनी पकडला जातो आणि लगेच दुसऱ्या भागात कथा लंडन सोडून अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात, अनेक वर्षे मागे जाते. तिथे बराच वेळ ना होम्स, ना वॉटसन. छापील पुस्तकात 'भाग दुसरा' असे ठळक अक्षरात दिसते, त्यामुळे वाचक सावरतो. बसमध्ये कानात इअरफोन घालून बसलेल्याला मात्र चुकीची फाइल लागली असेच वाटते. म्हणून १८९२ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' या बारा कथांच्या संग्रहापासून आरंभ करावा. एकेक कथा साधारण तासाभरात संपते आणि खानापूर-बेळगाव प्रवासात चपखल बसते. मग दोन्ही सुरुवातीच्या कादंबऱ्या ऐकाव्यात, त्यानंतर 'द मेमॉयर्स ऑफ शेरलॉक होम्स' हा पुढचा कथासंग्रह (थोडक्यात 'मेमॉयर्स'), आणि तिथून पुढे प्रकाशनाचा क्रम सोडू नये. 'मेमॉयर्स'मधील शेवटची कथा, 'द फायनल प्रॉब्लेम', डिसेंबर १८९३ ची. तिच्या अखेरीस काय होते ते शंभर वर्षांहून जुने असले तरी मी येथे लिहिणार नाही, पण ती ऐकल्याशिवाय १९०३ च्या 'द एम्प्टी हाउस'ला हात लावू नये एवढे सांगतो. या दोहोंच्या मध्ये १९०१-०२ साली क्रमशः आलेली 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' स्वतंत्र आहे. ती या टप्प्यावर केव्हाही चालेल.

आणखी एक सूचना. 'द कार्डबोर्ड बॉक्स' ही कथा 'मेमॉयर्स'च्या इंग्लंडमधील पुस्तकातून वगळली गेली आणि पुढे १९१७ च्या 'हिज लास्ट बो' या संग्रहात आली. ती वगळताना तिच्या आरंभीचा, होम्स वॉटसनच्या मनातले विचार ओळखतो तो सुंदर उतारा, 'द रेसिडेंट पेशंट' या कथेला जोडण्यात आला. परिणामी काही संचांमध्ये तोच उतारा शब्दशः दोनदा ऐकू येतो. रेकॉर्डिंग बिघडले असे समजून तक्रार करू नये.

खडेबाजार (शहापूर, बेळगाव)

निपाणीकरांचे होम्सविषयीचे विवेचन मान्य आहे, परंतु 'शंका असेल तेथे प्रकाशनाचा क्रम' हा नियम मला सरसकट पटत नाही. आधी मालिका कोणत्या जातीची आहे ते पाहावे लागते. काही मालिकांत गुप्तहेर तेवढा तोच असतो, बाकी प्रत्येक प्रकरण स्वतंत्र. काहींत मात्र गुप्तहेराचे लग्न, मैत्री, बदनामी, व्यसन हे सगळे पुस्तकागणिक पुढे सरकत असते. दुसऱ्या जातीत क्रम मोडला तर पुस्तकाचा निम्मा रस जातो. पहिल्या जातीत सगळी पुस्तके एका रांगेत ऐकण्याची सक्ती केली, तर लेखकाची सुरुवातीची दुबळी पुस्तकेही ऐकावी लागतात, आणि पुष्कळ श्रोते तिथेच कंटाळून मालिका सोडतात.

ॲगाथा ख्रिस्ती यांचा पॉयरो पहिल्या जातीचा आहे. त्याच्या ३३ कादंबऱ्या आहेत आणि त्यांतील बहुतेक कुठूनही ऐकता येतात. फक्त काही ठिकाणी पाय जपून टाकावा. १९२० ची 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' आधी ऐकावी, कारण शेवटची 'कर्टन' त्याच घरात परत जाते. 'कर्टन' दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून झाली होती. लेखिकेने ती बाजूला ठेवली आणि प्रसिद्ध झाली १९७५ मध्ये. ती अगदी शेवटी ठेवावी, याबाबत माझे आणि निपाणीकरांचे दुमत नसावे. १९३४ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'आधी १९३६ ची 'कार्ड्स ऑन द टेबल' ऐकू नये, कारण तिच्यात आगगाडीतल्या त्या प्रकरणाच्या उकलीकडे बोट दाखवणारा उल्लेख आहे.

सर्वांत मोठा खड्डा १९३७ च्या 'डम्ब विटनेस'मध्ये आहे. तिच्यात पॉयरो आपण पाहिलेल्या खुन्यांविषयी बोलताना चार जुन्या प्रकरणांतील गुन्हेगारांची नावे एका दमात घेतो: 'स्टाइल्स', 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड', 'द मिस्ट्री ऑफ द ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स'. प्रश्नकर्त्या दादांना ज्याचा अनुभव आला तो हाच प्रकार असण्याची शक्यता आहे. 'रॉजर ॲक्रॉइड'चे रहस्य अशा रीतीने कोणाच्या कानावर पडले, तर त्या श्रोत्याबद्दल मला खरोखर वाईट वाटेल. छापील पानावर अशी यादी येताना डोळ्यांना आधी दिसते आणि मनुष्य परिच्छेद टाळू शकतो. कानाला तशी पूर्वसूचना मिळत नाही.

ख्रिस्ती यांच्याच मिस मार्पल या दुसऱ्या गुप्तहेर नायिकेबाबत तर प्रकाशनाचा क्रम चक्क दिशाभूल करतो. 'स्लीपिंग मर्डर' प्रसिद्ध झाली लेखिकेच्या निधनानंतर, १९७६ मध्ये, आणि 'मिस मार्पलची शेवटची केस' अशा मथळ्याखाली ती विकली जाते. परंतु लेखन कितीतरी आधीचे आहे. त्या कथेत कर्नल बँट्री हयात आहेत, आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मिरर क्रॅक्ड'मध्ये त्यांच्या पत्नी विधवा झालेल्या आहेत. तेव्हा 'शेवटची' या शब्दावर जाऊ नये. ती आधी ऐकली तरी काही बिघडत नाही.

पैसे वाचवणारी एक गोष्टही लक्षात ठेवावी. यांतील अनेक पुस्तकांना इंग्लंडात एक आणि अमेरिकेत दुसरे नाव होते. 'लॉर्ड एजवेअर डाइज' म्हणजेच 'थर्टीन ॲट डिनर', 'डेथ इन द क्लाउड्स' म्हणजेच 'डेथ इन द एअर', 'आफ्टर द फ्युनरल' म्हणजेच 'फ्युनरल्स आर फेटल', आणि 'डम्ब विटनेस' म्हणजेच 'पॉयरो लूझेस अ क्लायंट'. नवे नाव दिसले म्हणून लगेच क्रेडिट खर्च करू नये. अभिवाचन ह्यू फ्रेझर यांचे मिळाले तर जरूर घ्यावे. दूरचित्रवाणी मालिकेत पॉयरोचा मित्र कॅप्टन हेस्टिंग्ज झालेले हेच ते नट, त्यामुळे हेस्टिंग्जने सांगितलेल्या कादंबऱ्या त्यांच्या आवाजात फार शोभतात.

तवंदी घाट (निपाणी)

'स्लीपिंग मर्डर'चा मुद्दा मान्य. 'कर्टन'बाबत अर्थातच दुमत नाही. परंतु ताई, कोणती मालिका कोणत्या जातीची, हे ती ऐकण्यापूर्वी नव्या श्रोत्याला कळणार कसे? आपण दिलेले सर्व अपवाद, एकटी 'स्लीपिंग मर्डर' सोडली तर, प्रकाशनाचा क्रम पाळणाऱ्याला आपोआपच सांभाळता येतात.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

वरील दोन्ही बाजूंना एक तिसरी अडचण जोडतो, जी अनुवादित मालिकांत येते. तिथे 'प्रकाशनाचा क्रम' म्हणजे मूळ भाषेतील क्रम की अनुवादाचा, हे आधी ठरवावे लागते, कारण प्रकाशक पुष्कळदा सर्वांत गाजलेले पुस्तक आधी अनुवादित करतो आणि पहिले पुस्तक मागाहून आणतो.

नॉर्वेचे यू नेस्बो यांच्या हॅरी होल या पोलीस अधिकाऱ्याची मालिका मूळ भाषेत १९९७ मध्ये सुरू झाली. इंग्रजी वाचकांना मात्र आधी २००५ मध्ये पाचवे पुस्तक मिळाले, त्यानंतर तिसरे, मग चौथे. पहिले पुस्तक 'द बॅट' इंग्रजीत यायला २०१२ साल उजाडले. आता गंमत अशी, की तिसरे, चौथे आणि पाचवे ही तीन पुस्तके मिळून एकच सलग कथानक होते आणि त्याचा निकाल पाचव्यात लागतो. म्हणजे ज्यांनी इंग्रजी प्रकाशनाच्या क्रमाने वाचले, त्यांना निकाल आधी आणि खटला नंतर अशी वेळ आली. जपानचे केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही इंग्रजीत २०११ मध्ये आली, तेव्हा जगाला ती पहिलीच वाटली. मुळात ती प्राध्यापक युकावाच्या मालिकेतील तिसरी आहे. पण तिच्यापासून सुरुवात केल्याने काही बिघडत नाही, कारण आधीची दोन पुस्तके सुट्या कथांची आहेत. सबब, अनुवादित मालिकेत मूळ भाषेतील वर्ष शोधावे आणि त्या क्रमाने जावे. ते वर्ष विकिपीडियावरील लेखकाच्या ग्रंथसूचीत किंवा लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सहज सापडते. ॲपवर जे वर्ष दिसते ते बहुधा रेकॉर्डिंगचे असते, पुस्तकाचे नव्हे.

खडेबाजार ताईंनी सांगितलेल्या दुसऱ्या जातीचे उत्तम उदाहरण म्हणजे कॅनडाच्या लुइझ पेनी यांची इन्स्पेक्टर गमाश मालिका. तिच्यात २००९ च्या 'द ब्रूटल टेलिंग'मध्ये लागलेला निकाल २०१० च्या 'बरी युअर डेड'मध्ये पुन्हा तपासायला घेतला जातो. हे दोन उलट ऐकले, तर पहिल्यात ऐकण्यासारखे काही उरत नाही. याच मालिकेचे सुरुवातीपासूनचे अभिवाचक राल्फ कॉशॅम २०१४ मध्ये वारले आणि पुढचे पुस्तक रॉबर्ट बॅथर्स्ट यांच्या आवाजात आले. क्रमाने ऐकणाऱ्याला हा बदल एकदाच सोसावा लागतो. उलटसुलट ऐकणाऱ्याच्या कानात गमाशचे दोन वेगवेगळे आवाज सतत भांडत राहतात.

ॲपवर मालिकेच्या नावापुढे कधी '०.५' किंवा '२.५' असा आकडा दिसतो. पूर्णांक म्हणजे मुख्य कादंबरी. अपूर्णांक म्हणजे मधली लघुकथा किंवा छोटी कादंबरी, जी लेखकाने बहुधा नंतर लिहून मध्ये बसवलेली असते. '०.५' दिसले म्हणून ते सर्वांत आधी ऐकण्याची घाई करू नये. ती पूर्वकथा मालिकेच्या चाहत्यांसाठी असते, आणि वाचकाला पात्रे ठाऊक आहेत असे लेखकाने गृहीत धरलेले असते.

जुना सभासद (चिकोडी)

मंडळींनी परदेशी मालिकांचा परामर्श उत्तम घेतला आहे. मी आपल्या मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळतो, कारण त्यांच्या पिढीचा मीही आहे.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक ठाऊक नसलेले घर आमच्या लहानपणी विरळाच होते. या कथांना क्रम नाही आणि तो शोधूही नये. दर दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात जे पुस्तक परत आलेले असेल ते उचलायचे, ही तेव्हाची रीत होती, आणि लेखकही ती जाणून प्रत्येक पुस्तकात नायकाची ओळख नव्याने करून देत असे. त्या पुस्तकांच्या बाबतीत आमची खरी चिंता क्रमाची नसे, शेवटची पाने शाबूत आहेत ना, ही असे. सुहास शिरवळकरांचे तसे नाही. त्यांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आणि दारा बुलंद अशा वेगवेगळ्या नायकांच्या स्वतंत्र मालिका लिहिल्या. तेथे एक नायक निवडून त्याच्या चार-पाच कथा सलग ऐकाव्यात आणि मग दुसऱ्याकडे जावे. चौघांची सरमिसळ केली की कोणाचा स्वभाव मनात नीट बसत नाही. आपल्या आईंनी पूर्वी यांपैकी कोण वाचला होता ते विचारा आणि तिथूनच सुरुवात करा.

ब्योमकेशविषयी मात्र क्रमाचा एक मजेदार इतिहास आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये आधी 'पथेर काँटा' आणि नंतर 'सीमन्त हीरा' या कथा लिहिल्या. मग या नायकाची मालिका करावी असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्याची ओळख करून देणारी 'सत्यान्वेषी' ही कथा त्यांनी तिसरी लिहिली. तीत ब्योमकेश आणि त्याच्या गोष्टी सांगणारा अजित यांची पहिली भेट होते, म्हणून ती पहिली मानली जाते. प्रकाशनाचा क्रम काटेकोर पाळणाऱ्या निपाणीकरांनी येथे काय करावे, हे त्यांनीच सांगावे! मी म्हणेन, 'सत्यान्वेषी'पासून आरंभ करावा, मग पहिल्या दोन कथा घ्याव्यात, आणि 'अर्थमनर्थम्' लवकर ऐकावी, कारण सत्यवती तिथे येते आणि पुढे ब्योमकेशची पत्नी होते. नंतरच्या कथांत त्याचा संसार गृहीत धरलेला असतो. पूर्ण झालेल्या कथा बत्तीस आहेत. तेहतिसावी लेखकाच्या निधनामुळे १९७० मध्ये अपुरी राहिली. अखेरच्या काही कथांत अजित निवेदक राहत नाही, हे ऐकणाऱ्याने आधीच जाणून असावे. इतका वेळ 'मी' म्हणणारा आवाज अचानक तिऱ्हाइतासारखा बोलू लागतो, तो दोष रेकॉर्डिंगचा नाही. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे हे बंगाली लेखक चित्रपटांसाठी मुंबईत आले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले.

सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथाही मराठीत आल्या आहेत. त्या १९६५ पासून सुरू होतात. त्याचा गमतीदार सोबती, थरारकथा लिहिणारा लेखक जटायू, 'सोनार केल्ला'मध्ये प्रथम भेटतो, तेव्हा ती कथा जटायू असलेल्या इतर कथांआधी ऐकावी; बाकी क्रमाचे बंधन नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे आईला विचारले, तेव्हा तिने क्षणाचाही विलंब न लावता अमर विश्वासचे नाव घेतले.

आणखी दोन प्रश्न आहेत. आईला मोबाइल हाताळणे जमत नाही, म्हणून होम्सच्या मुक्त ध्वनिफिती, म्हणजे ज्यांवर स्वामित्वहक्क उरलेला नाही अशा, पेनड्राइव्हवर उतरवून तिच्या छोट्या स्पीकरला लावून दिल्या आणि सोबत बसून मी मराठीत थोडक्यात गोष्ट सांगतो. पण त्या स्पीकरवर पहिल्या प्रकरणानंतर थेट दहावे प्रकरण लागते. दुसरे म्हणजे, मराठी ॲपवर काही मालिकांचे 'सीझन' आणि 'भाग' असे गट दिसतात. त्यांचा क्रम कसा समजावा?

चोर्ला रस्ता (कणकुंबी)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण आमच्याकडे जंगलात नेटवर्कचा भरवसा नसल्यामुळे सगळे काही आधी उतरवून ठेवण्याची सवयच लागली आहे.

यंत्र फाइलींची नावे आकड्यांप्रमाणे लावत नाही, अक्षरांप्रमाणे लावते. '१' नंतर '१०', '११', '१२' आणि मग कुठे '२' असा त्याचा हिशेब असतो. म्हणून नाव देताना '०१', '०२' असे आरंभी शून्य द्यावे, आणि प्रकरणे शंभराच्या वर असतील तर '००१'. पुस्तके अनेक असतील तर प्रत्येकाचा स्वतंत्र फोल्डर करून त्यालाही '०१ ॲडव्हेंचर्स', '०२ स्टडी इन स्कार्लेट' अशी नावे द्यावीत, म्हणजे वर निपाणीकरांनी सांगितलेला क्रम तसाच्या तसा पेनड्राइव्हवर उतरेल. एवढे करूनही क्रम चुकत असेल, तर स्वस्त स्पीकरांची आणखी एक खोड असते: ते नावाकडे पाहतच नाहीत, ज्या क्रमाने फाइली पेनड्राइव्हवर चढवल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करून, फॉरमॅट करून, फाइली एकेक करून क्रमाने चढवाव्यात. सगळ्या एकदम निवडून ओढल्या, की संगणक त्या आपल्या मर्जीने पुढेमागे टाकू शकतो.

मुक्त ध्वनिफितींसाठी लिब्रिव्हॉक्स हे संकेतस्थळ सोयीचे आहे. २००५ पासून स्वयंसेवक तिथे वाचन करतात आणि होम्सचे संग्रह तिथे विनामूल्य मिळतात. फक्त एकाच पुस्तकाचे काही वेळा अनेक संच असतात, आणि काहींत प्रत्येक प्रकरण वेगळ्या व्यक्तीने वाचलेले असते. एकाच आवाजातील संच निवडावा, अन्यथा होम्स प्रकरणागणिक नवा वाटतो.

खडेबाजार (शहापूर, बेळगाव)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचे ॲप २०१७ च्या अखेरीस भारतात आल्यापासून मराठीत खास ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिकाही निघू लागल्या. त्यांत एका सीझनमध्ये साधारण दहा भाग असतात आणि ते सगळे मिळून एकच गोष्ट होते. ते भाग म्हणजे मालिकेतील स्वतंत्र पुस्तके नव्हेत, तर एकाच पुस्तकाची प्रकरणे समजावीत. तिथे पहिल्यापासून शेवटापर्यंत क्रमानेच ऐकावे लागते. याउलट शिरवळकरांसारख्यांच्या छापील कादंबऱ्यांची ऑडिओबुके सुटी असतात, आणि ॲपने त्यांना दिलेले क्रमांक बहुधा ती ध्वनिमुद्रित झाल्याच्या क्रमाचे असतात. अमर विश्वासच्या कथांना लागलेला '७' पाहून आधीच्या सहा शोधत बसू नये.

ॲपच्या भाषेच्या निवडीतही एकदा लक्ष घालावे. आपल्या सीमाभागात बहुतेकांनी कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषा चालू ठेवलेल्या असतात, आणि मग एकाच मालिकेचे वेगवेगळ्या भाषांतील भाग एकाच यादीत मिसळून दिसतात. आईंच्या खात्यावर केवळ मराठी ठेवावी. कन्नडमधील एन. नरसिंहय्या यांच्या 'पत्तेदार' (म्हणजे गुप्तहेर) पुरुषोत्तमाच्या कथा ऐकणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

तवंदी घाट (निपाणी)

चिकोडीच्या काकांना उत्तर देणे राहिले होते. ब्योमकेशबाबत मीही 'सत्यान्वेषी'च आधी घेईन, कारण ती पहिली मानावी ही लेखकाचीच योजना आहे, आणि माझा आग्रह मुळात लेखकाच्या योजनेचा होता. खानापूरच्या दादांना शेवटची एकच सूचना करतो: आईंसाठी फोल्डर तयार करताना 'कार्डबोर्ड बॉक्स' दोन संग्रहांत आढळल्यास ती 'हिज लास्ट बो'मध्ये ठेवा आणि 'मेमॉयर्स'मधून काढून टाका, मग 'मेमॉयर्स'चे आकडे पुन्हा सलग लावायला विसरू नका.